हवाई वाहतूक नियंत्रकांचे वेतन विमानतळागणिक वेगळे असावे का?

तापीकाठ (जळगाव)

राम राम मंडळी. 2024 पासून जळगावहून गोवा, हैदराबाद, पुणे आणि मुंबई या मार्गांवर पुन्हा विमाने सुरू झाली आणि तेव्हापासून आपल्याकडे तिकिटांचे दर, वेळापत्रक आणि धावपट्टीची लांबी यांवर पुष्कळ बोलले जाते. ज्यांच्या परवानगीवाचून एकही विमान जमीन सोडत नाही, त्या नियंत्रकांचा विषय मात्र कोणी काढत नाही. म्हणून हा धागा.

देशातल्या बहुतेक नागरी विमानतळांवरचे नियंत्रक भारतीय विमानतळ प्राधिकरणाचे कर्मचारी असतात. मुंबई-दिल्लीचे विमानतळ खासगी कंपन्या चालवत असल्या, तरी तिथल्या नियंत्रण मनोऱ्यात बसणारा माणूस प्राधिकरणाचाच असतो. भरती एकच, प्रशिक्षण एकच आणि वेतनश्रेणीही एकच. कनिष्ठ अधिकारी म्हणून रुजू होणाऱ्याला 40,000 ते 1,40,000 रुपयांची श्रेणी मिळते, मग नेमणूक मुंबईला होवो की जळगावला. ठळक फरक पडतो तो घरभाडे भत्त्यात, आणि तो ठरतो शहराच्या लोकसंख्येवर. केंद्राच्या वर्गवारीत मुंबई-पुणे पहिल्या गटात, नाशिक-संभाजीनगर दुसऱ्या गटात आणि जळगाव-धुळे तिसऱ्या गटात येतात. या गटांना मूळ वेतनाच्या 24, 16 आणि 8 टक्के दर लागू झाले होते. महागाई भत्ता वाढत जाईल तसे ते 30, 20 आणि 10 टक्क्यांपर्यंत जातात.

मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते, आणि त्या एकीवर एका दिवसात हजाराहून अधिक उड्डाणे आणि उतरणी झालेली आहेत. आपल्याकडे दिवसभरात येणारी प्रवासी विमाने बोटांवर मोजता येतात. माझे मत असे की मूळ वेतन सर्वत्र समान असावे, आणि त्यावर कामाच्या भाराप्रमाणे वेगळा भत्ता असावा. पण तो भार मोजायचा कशाने? जाणकारांनी लिहावे.

शिरपूरकर

मोजण्यात एवढे अवघड काय आहे? विमानतळाचे उत्पन्न पाहावे. जिथे विमाने जास्त, तिथे शुल्क जास्त, आणि त्या शुल्कातून तिथल्या माणसांना जास्त पगार. ज्या नियंत्रकाच्या कानात दर मिनिटाला नवा आवाज येतो आणि ज्याच्या कानात तासाला एक, त्या दोघांना समान वेतन देणे हा पहिल्यावर उघड अन्याय आहे. समानतेच्या नावाखाली कष्टाची किंमत शून्य करू नये, एवढेच माझे म्हणणे.

पांझराकाठ (धुळे)

शिरपूरकर भाऊ, उत्पन्नाचा निकष लावला तर आपला जळगाव पहिल्याच दिवशी बाद होईल, आणि त्यात तिथल्या नियंत्रकाचा काडीचाही दोष नसेल. 'उडान' योजनेची रचनाच तशी आहे. त्या योजनेतल्या फेऱ्यांना विमानतळाजवळच्या दिशादर्शन सेवेचे शुल्क माफ आहे आणि मार्गावरच्या सेवेचे शुल्क नेहमीच्या दराच्या 42.50 टक्केच आकारले जाते. लहान गावांना विमान मिळावे म्हणून सरकारने जाणूनबुजून सोडलेले हे उत्पन्न आहे. ते सोडायचे सरकारने आणि त्याची झळ सोसायची मनोऱ्यातल्या माणसाने, हे कोणत्या न्यायात बसते?

शिवाय विमान जळगावला उतरो न उतरो, आपल्या डोक्यावरून जाणारी विमानेही त्या मार्गशुल्काचे पैसे भरतात. ते पैसे कोणत्या गावाच्या खात्यात धरायचे? हवाई वाहतूक सेवा हे अखंड जाळे आहे. त्यातल्या एका गाठीचे उत्पन्न वेगळे काढता येत नाही.

भुसावळ_यार्ड

मी रेल्वेतून सेक्शन कंट्रोलर, म्हणजे ठरावीक मार्गावरच्या गाड्यांची वाहतूक हाताळणारा, म्हणून निवृत्त झालो. भुसावळ विभागात आयुष्य गेले, त्यामुळे या प्रश्नाचा रेल्वेतला अनुभव इथे मांडावासा वाटतो.

रेल्वेत सर्व विभागांतील सेक्शन कंट्रोलरची वेतनश्रेणी एकच असते. वर्दळीचा फरक रेल्वेने पगारातून नव्हे तर कामाच्या तासांतून सोडवला. कामाच्या तासांच्या नियमांत पदांचे वर्ग पाडलेले आहेत: अतिकष्टाचे, सलग आणि मूलतः खंडित. अतिकष्टाच्या वर्गात सहा तासांची पाळी. आडबाजूच्या स्थानकावरील मास्तरांचे काम मूलतः खंडित धरले, की पाळी लांबते. हा वर्ग ठरवण्यासाठी निरीक्षक घड्याळ लावून बसतात आणि मिनिटागणिक कामाची नोंद घेतात.

यातली गोम अशी की घड्याळाला फक्त हातांचे काम दिसते. दोन गाड्यांच्या मधल्या वेळात मास्तर मोकळा आहे असे कागदावर येते. प्रत्यक्षात त्याचे कान फोनकडे आणि डोळे पॅनेलवर असतात. लहान स्थानकांचा वर्ग खाली आणल्यावरून किती वाद झाले, ते मी जवळून पाहिले आहे. विमानतळांसाठी मोजमाप ठरवताना हीच चूक होऊ नये असे मला मनापासून वाटते. भार मोजायचा तर दक्षताही मोजली पाहिजे.

गिरणाई (मूळ चाळीसगाव)

मी स्वतः नियंत्रक आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. सध्या एका मोठ्या विमानतळावर अप्रोचला, म्हणजे जवळ येणाऱ्या आणि निघून जाणाऱ्या विमानांच्या नियंत्रणाला, आहे. त्याआधी एका लहान विमानतळाच्या मनोऱ्यात काही वर्षे काढली. दोन्ही कामे केल्यामुळे शिरपूरकर भाऊंचे म्हणणे मला निम्मे पटते आणि निम्मे अजिबात पटत नाही.

मोठ्या ठिकाणी ताण वेगाचा असतो. एका वाक्याचे दोनदा उत्तर द्यायला वेळ नसतो, वैमानिकाने सूचना परत वाचून दाखवताना एक आकडा चुकवला तर तो तिथेच पकडावा लागतो, आणि तासाभराने खुर्ची सोडताना घसा कोरडा पडलेला असतो. पण तिथे तुमच्यासमोर रडार असते, शेजारी नियोजन करणारा सहकारी असतो, मागे पर्यवेक्षक असतो आणि तुम्हाला सोडवायला येणारा माणूस असतो.

लहान मनोऱ्यात यातले बरेचसे नसते. आमच्याकडे रडार नव्हते. वैमानिक सांगेल ते अंतर आणि उंची स्ट्रिपवर, म्हणजे त्या विमानाच्या नोंदीच्या पट्टीवर, लिहायची, येणाऱ्याची वेळ मनाशी मांडायची, आणि दोन विमानांच्या वाटा जिथे मिळतात तिथे त्यांच्यात हजार फुटांचा फरक राहील अशी आधीच तजवीज करायची. त्यातच सर्किटमध्ये, म्हणजे धावपट्टीभोवतीच्या ठरलेल्या फेरीत, शिकाऊ वैमानिकांची छोटी विमाने फिरत असतात. मला आठवते ती अशीच एक सकाळ: सर्किटमध्ये तीन विमाने, त्यांतला एक विद्यार्थी प्रथमच एकटा उडत होता, आवाज कापरा. तेवढ्यात 72 आसनी एटीआर हे प्रवासी विमान वीस मैलांवरून बोलले, आणि धावपट्टीच्या टोकाला घारी घिरट्या घालू लागल्या. एटीआरचा वेग त्या छोट्या विमानांच्या दुपटीच्या आसपास. त्या मुलाला घाईने उतरवले तर तो गडबडणार, बाहेर थांबवले तर घाबरणार. मी दुसऱ्या दोघांना दक्षिणेला वळवले आणि त्याला सावकाश उतरू दिले. एटीआरला थोडी लांबची फेरी घ्यायला लावली. दिवसाच्या तक्त्यात याची नोंद झाली ती एक प्रवासी विमान एवढीच.

प्रवासी विमानांच्या संख्येवर पगार ठरवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. 2021 मध्ये प्राधिकरणाने वैमानिक प्रशिक्षण संस्थांसाठी निवडलेल्या पहिल्या पाच विमानतळांत बेळगाव, कलबुर्गी, खजुराहो आणि लीलाबारी यांच्याबरोबर जळगावही होते. तिथल्या मनोऱ्याचे खरे काम प्रवाशांच्या वेळापत्रकात दिसणारच नाही.

शिरपूरकर

गिरणाई ताई, शिकाऊ उड्डाणांचा मुद्दा मान्य. आमच्याकडेही शिरपूरच्या धावपट्टीवर प्रशिक्षणाची विमाने उडतात, त्यामुळे ती सकाळची लगबग पाहण्यातली आहे. पण तरीही प्रश्न उरतोच. मुंबईच्या नियंत्रकाला भाराबद्दल जास्त काही मिळाले नाही, तर तो तिथे कशासाठी राहील?

सातपुडा_पार (मूळ अमळनेर, सध्या शिकागोजवळ)

अमेरिकेने हा प्रश्न कसा सोडवला ते सांगतो, कारण तापीकाठ यांच्या मूळ प्रश्नाचे एक उत्तर तिथे प्रत्यक्ष राबवले गेले आहे.

1981 च्या ऑगस्टमध्ये तिथल्या नियंत्रकांनी संप केला आणि राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी 11,000 हून अधिक जणांना बडतर्फ केले. वेतन आणि कामाचे तास हेच त्या संपाचे मुद्दे होते. पुढे नवी संघटना उभी राहिली आणि 1998 च्या करारातून आजची पद्धत आली. प्रत्येक मनोऱ्याला आणि नियंत्रण केंद्राला एक स्तर दिलेला असतो. आज हे स्तर 4 ते 12 असे आहेत. स्तर ठरतो तो विमानांची संख्या आणि वाहतुकीची गुंतागुंत या दोन्हींवर. प्रत्येक स्तराचा वेतनपट्टा वेगळा, आणि त्यावर त्या भागातील वेतनमानानुसार स्थानिक वेतनाची टक्केवारी स्वतंत्र. म्हणजे कामाचा भार आणि ठिकाणाचा खर्च या दोन गोष्टी त्यांनी एकमेकींत मिसळू दिल्या नाहीत. आपल्याकडे घरभाडे भत्त्यालाच दोन्हींचे ओझे वाहावे लागते, असे मला वाटते.

पण पगार वाढवला की जागा भरतात, हा भ्रम आहे. न्यूयॉर्कचे अप्रोच केंद्र सर्वांत वरच्या स्तरात असूनही वर्षानुवर्षे माणसांवाचून कुंथत राहिले. तिथे काम शिकायला गेलेल्यांपैकी अनेकांना ते पेलत नाही. अखेर 2024 च्या जुलैत नेवार्क विमानतळाच्या हवाई क्षेत्राचे काम फिलाडेल्फियाला हलवावे लागले, आणि स्थलांतरासाठी नियंत्रकांना एक लाख डॉलरपर्यंत प्रोत्साहन देऊ केले गेले. 2025 च्या एप्रिलमध्ये त्याच केंद्राचे रडार आणि रेडिओ सुमारे दीड मिनिट बंद पडले. असा अनुभव घेतलेल्या माणसाला नुसत्या वेतनपट्ट्याने थोपवून धरता येत नाही.

यावलकर

लहान ठिकाणचाही विचार व्हावा. मोठ्या शहरात बायकोला नोकरी मिळते, मुलांना हवी ती शाळा मिळते, आईवडिलांना दवाखाना जवळ असतो. लहान गावी बदली झालेला माणूस पहिल्या दिवसापासून परतीचा अर्ज मनात लिहीत असतो. आपण खान्देशातले लोक हे डॉक्टरांच्या आणि प्राध्यापकांच्या बाबतीत रोज पाहतो. सगळा भत्ता वर्दळीवर लावला, तर जळगावसारख्या ठिकाणी अनुभवी माणूस टिकणार नाही आणि आपल्या वाट्याला कायम नवखे येतील.

पांझराकाठ (धुळे)

यावलकर नानांच्या मुद्द्याला जोडून एक घटना सांगतो. या धाग्यावर तिची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

1 जुलै 2002 च्या रात्री जर्मनीतील उबरलिंगनच्या आकाशात एक रशियन प्रवासी विमान आणि एक मालवाहू विमान एकमेकांवर आदळून 71 जण मृत्युमुखी पडले. त्यांत शाळकरी मुले मोठ्या संख्येने होती. ते आकाश झुरिकच्या नियंत्रण केंद्राकडे होते. रात्र होती, वर्दळ कमी होती, म्हणून दुसरा नियंत्रक विश्रांतीला गेला होता आणि तसे करण्याची तिथे वहिवाटच पडली होती. जागेवर उरलेला एकटा माणूस दोन ठिकाणचे पडदे सांभाळत होता. त्याच रात्री यंत्रणेच्या दुरुस्तीमुळे मुख्य फोन बंद होते आणि धोक्याची सूचना देणारी यंत्रणा पूर्ण चालत नव्हती. एक उशिरा आलेले विमान दुसऱ्याच विमानतळावर उतरवण्यात तो गुंतला असताना या दोघांमधले अंतर संपत आले.

संख्या मोजणाऱ्याने त्या पाळीला हलकी पाळी म्हटले असते. म्हणून मला वाटते, विमाने किती आणि माणसे किती हे एकत्र पाहिले पाहिजे. एका माणसामागे किती जबाबदाऱ्या आहेत, यंत्रणेची साथ किती आहे, त्याला सोडवणारा कोणी आहे का, या गोष्टी भत्त्याच्या सूत्रात आल्याच पाहिजेत. आणि जिथे माणूस एकटा ठेवला जातो तिथे भत्ता देऊन मोकळे होता येणार नाही, तिथे आधी दुसरा माणूस दिला पाहिजे.

नवापूरचा

एक शंका. ओझरला आणि पुण्याला नियंत्रक कोणाचे?

गिरणाई (मूळ चाळीसगाव)

ओझरचा विमानतळ हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा आहे आणि पुण्याचे नियंत्रण हवाई दलाकडे आहे. त्यांचे वेतन त्यांच्या-त्यांच्या नियमांनी ठरते. शिर्डीचा विमानतळ राज्याच्या कंपनीचा, पण तिथले नियंत्रण प्राधिकरणाचे. त्यामुळे आपण जे सूत्र बोलतो आहोत ते प्राधिकरणापुरतेच लागू होईल, हे बरोबर.

आणखी एक गोष्ट इथेच सांगते, कारण वेतनाच्या चर्चेत ती नेहमी निसटते. आमचे रेटिंग, म्हणजे विशिष्ट काम एकट्याने करण्याची परवानगी, जागेला बांधलेले असते. बदली झाली की नव्या ठिकाणी पुन्हा देखरेखीखाली काम करायचे, पुन्हा परीक्षा द्यायची, आणि ती उत्तीर्ण होईपर्यंत वीस वर्षांचा अनुभवी माणूसही एकट्याने एक शब्द बोलू शकत नाही. एखादे काम सलग सहा महिने केले नाही तर त्याचे रेटिंगही चालू राहत नाही. रेटिंगशी जोडलेला भत्ता या काळात हातचा जाणार असेल, तर मोठ्या ठिकाणी जायला तरी कोण उत्सुक राहील? शिकण्याच्या काळात आधीच्या ठिकाणचा भत्ता चालू राहिला पाहिजे.

शिरपूरकर

हे वाचून माझा आग्रह उत्पन्नाकडून कामाकडे सरकला आहे. मात्र वर्दळीला सूत्रात मोठे वजन हवे, यावर मी ठाम आहे. आणि ती दरवर्षी नव्याने मोजावी.

सातपुडा_पार (मूळ अमळनेर, सध्या शिकागोजवळ)

दरवर्षी नको, शिरपूरकर. 25 मार्च 2020 ला देशांतर्गत प्रवासी विमाने थांबली ती थेट 25 मे रोजी सुरू झाली. त्या दोन महिन्यांत मालवाहू विमाने चालू होती, औषधे जात होती, परदेशांत अडकलेल्यांना आणणारी विमाने उतरत होती आणि मनोरे उघडेच होते. त्या वर्षाच्या आकड्यांवर भत्ता बेतला असता तर काय झाले असते? जळगावचेच पाहा. 2017 च्या डिसेंबरात मुंबईची फेरी सुरू झाली आणि लवकरच बंद पडली, 2019 मध्ये अहमदाबादची आली आणि तीही गेली. कंपन्यांच्या अशा येण्या-जाण्यावर नियंत्रकाच्या घराचा हप्ता अवलंबून ठेवू नये. काही वर्षांची सरासरी घ्यावी.

भुसावळ_यार्ड

आणि माणसे कमी ठेवून जादा तासांवर काम रेटण्याची सवय लागू देऊ नये. स्पेनमध्ये तेच झाले. नियंत्रकांच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा जादा तासांतून येऊ लागला. 2010 मध्ये सरकारने वटहुकूम काढून त्यावर कात्री लावली, आणि त्याच वर्षी 3 डिसेंबरला नियंत्रक कामावरून उठून गेल्याने देशाचे आकाश बंद पडले. सरकारला आणीबाणीसदृश स्थिती जाहीर करून मनोरे लष्कराच्या हाती द्यावे लागले. जादा तासांचा पैसा माणसाला हवाहवासा वाटतो, पण तो थकव्याची किंमत म्हणून मिळतो, आणि थकलेला नियंत्रक कोणालाच परवडत नाही.

तापीकाठ (जळगाव)

मंडळी, आता मूळ प्रश्नाकडे येतो. इथल्या चर्चेवरून मला जी मांडणी योग्य वाटते ती अशी.

मूळ वेतन आणि बढतीचे नियम देशभर एकच राहावेत, कारण परवाना एकच आहे आणि बदली कोणाचीही कुठेही होते. त्यावर भाराचा भत्ता असावा. त्यात सर्व प्रकारची उड्डाणे धरावीत, शिकाऊ विमान धावपट्टीला स्पर्श करून लगेच उडाले तर त्याचे उतरणे आणि उडणे दोन्ही मोजावे, आणि एका पाळीतील माणसामागे ही संख्या किती पडते ते पाहावे. छेदणाऱ्या धावपट्ट्या, डोंगर, लष्करी हद्द, रडारचा अभाव, वेगवेगळ्या वेगाच्या विमानांची सरमिसळ यांचे वजन वेगळे द्यावे. राहणीमानाच्या खर्चाचा भत्ता याच्याशी जोडू नये. आणि जिथे माणसे टिकत नाहीत अशा ठिकाणी, मग ते न्यूयॉर्कसारखे गजबजलेले असो की एखादे दुर्गम गाव, तिथे ठरावीक वर्षे राहणाऱ्याला स्वतंत्र भत्ता आणि नंतर पसंतीच्या ठिकाणी बदलीचा हक्क मिळावा. बदलीचा हा हक्क मला पैशाहून मोलाचा वाटतो.

अडचण एक आहे. सार्वजनिक उपक्रमांतील अधिकाऱ्यांच्या भत्त्यांना 2017 पासून लागू झालेल्या वेतन सुधारणेत मूळ वेतनाच्या 35 टक्क्यांची मर्यादा आहे. सुरक्षेशी निगडित भार भत्ता या मर्यादेच्या आत बसवला, तर दुसरी एखादी सवलत कापावी लागेल. तो मर्यादेबाहेर ठेवण्याची मागणी व्हायला हवी.

पांझराकाठ (धुळे)

मर्यादेबाहेर ठेवण्याला पूर्ण सहमती. पण मोजमाप करणार कोण? जो पगार देतो त्यानेच भार मोजला, तर तो नेहमी कमीच भरेल. आणि ज्याला पगार घ्यायचा त्याने मोजला तर जास्त.

भुसावळ_यार्ड

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने मोजावा. परवाने तेच देतात आणि नियंत्रकांच्या कामाच्या तासांचे नियमही त्यांचेच. मोजणीच्या वेळी संघटनेचा एक माणूस सोबत बसलेला असावा आणि तक्त्यावर दोघांच्याही सह्या असाव्यात.

गिरणाई (मूळ चाळीसगाव)

मोजायला फारसे नवे काही करावे लागणार नाही. प्रत्येक स्ट्रिप, प्रत्येक संभाषणाचे ध्वनिमुद्रण आणि पाळीत कोण कोणत्या जागेवर किती वाजल्यापासून बसले याची नोंदवही आजही ठेवली जाते. मोजणी करायला येणाऱ्यांना माझी एकच विनंती राहील: लहान विमानतळावर त्यांनी मे महिन्यात, सकाळी सहा वाजता यावे. जळगावचा पारा दुपारी 45 च्या आसपास जातो, तापलेल्या हवेत छोटी विमाने नीट चढत नाहीत, त्यामुळे दिवसभराची सगळी प्रशिक्षणाची उड्डाणे त्या पहिल्या काही तासांत उरकायची असतात. दुपारी दोन वाजता आलेल्याला मनोरा रिकामाच दिसेल.